डब्यावर ४के, हवेत भलतंच

टीव्ही भिंतीवर, लॅपटॉप टेबलावर. मधे लोंबणारी केबल नको म्हणून वायरलेस एचडीएमआयचा संच मागवला. एक तुकडा लॅपटॉपला, दुसरा टीव्हीला. जाहिरातीत ‘४के, शून्य विलंब, ५० मीटर, भिंतीआडूनही’ असं ठळक छापलेलं.

संशय आला तो अक्षरांवरून. सिनेमा बरा दिसायचा, पण स्प्रेडशीट उघडली की बारीक आकड्यांभोवती धुरकट कडा. रिमोटवर इन्फोचं बटण दाबलं तर पडद्यावर २१६०पी, म्हणजे ४केच! पण टीव्ही फक्त रिसीव्हरकडून, म्हणजे त्याला लावलेल्या तुकड्याकडून, काय येतंय तेवढंच सांगतो. रिसीव्हरने हवेतून आलेलं १०८०पीचं, म्हणजे साध्या फुल एचडीचं चित्र ताणून ४के केलं असेल, तर टीव्हीला त्याचा पत्ताही लागत नाही. मग एकेका पिक्सेलचे काळे-पांढरे चौकोन आलटून पालटून असलेलं चित्र लावलं. केबलवर जाळी स्वच्छ, या डब्यातून नुसता करडा लगदा.

‘शून्य विलंबा’चीही तीच गत. लॅपटॉपवर स्टॉपवॉच लावून दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढला: लॅपटॉपवर १२.४८ सेकंद, टीव्हीवर १२.३१. सिनेमाला हे चालून जातं, कारण आवाजही तेवढाच मागे असतो. गेम खेळणाऱ्याने मात्र आशाच सोडावी.

विक्रेत्याची उत्तरं मासलेवाईक होती. आधी म्हणे, तुमचं इंटरनेट स्लो आहे. अहो, हे दोन तुकडे थेट एकमेकांशी बोलतात, इंटरनेटचा संबंध काय? मग, ‘फर्मवेअर अपडेट येतंय, जरा थांबा.’ खरी मेख इथेच होती, कारण थांबता थांबता परतीची मुदत उलटली. त्यानंतरचं उत्तर: ‘आम्ही ४के सपोर्ट लिहिलंय, ४के ट्रान्समिशन कुठे लिहिलंय?’ म्हणजे डबा ४के सिग्नल आत घेतो आणि मग गुपचूप बारीक करतो.

आता गणित बघा. १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम, कॉम्प्रेस न करता पाठवायचं तर सेकंदाला साधारण ३ गिगाबिट लागतात. ४केला त्याच्या चौपट. स्वस्तातला डबा साध्या वाय-फाय चिपवर चालतो, त्यामुळे चित्र एच.२६४ या व्हिडिओ कॉम्प्रेस करण्याच्या पद्धतीने दाबून मोजक्या मेगाबिटांत कोंबतो. त्यात गैर काही नाही, फोन-लॅपटॉपचा पडदा बिनवायरी टीव्हीवर दाखवणारं, २०१२ साली आलेलं मिराकास्टही हेच करतं. राग आहे तो खोटं छापण्याचा. ६० गिगाहर्ट्झवर खरोखर गिगाबिटांत पाठवणारी यंत्रं असतात, पण त्या लहरी भिंतीपलीकडे जात नाहीत. मधे माणूस आला तरी अडखळतात. तेव्हा ४के, बिनविलंब, भिंतीआडून आणि वर स्वस्त, हे सगळं एकाच खोक्यावर दिसलं तर पाकीट खिशातच ठेवा.

जाहिरातीतला व्हिडिओ नंतर नीट पाहिला: संथ समुद्र, स्थिर डोंगर. असलं चित्र कमी बिटांतही झकास दिसतं. डेमो मागायचाच तर पाऊस, गर्दी किंवा धावत्या मजकुराचा मागा.

एक स्टार देऊन सगळं लिहिल्यावर विक्रेत्याचा मेसेज आला: अभिप्राय काढा, अर्धे पैसे देतो. पैसे अडकले ते अडकलेच. अभिप्राय स्टॉपवॉचच्या फोटोसकट तिथेच आहे.