वीजतंत्री व्हायचंय: सरकारी आयटीआय, खाजगी आयटीआय की सहा महिन्यांचं इन्स्टिट्यूट?

दहावीनंतर इलेक्ट्रिशियन व्हायचं ठरलं की तालुक्याच्या गावात साधारण तीन पर्याय समोर येतात. सरकारी आयटीआय, एखाद्या शिक्षण संस्थेचं छोटं खाजगी आयटीआय, आणि बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत चालणारं टेक्निकल इन्स्टिट्यूट. तिघांच्याही फ्लेक्सवर 'शासनमान्य' लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तिघंही खोटं बोलत नसतात. मान्यता कुणाची आणि नेमकी कशाला, एवढंच फ्लेक्सवर नसतं.

सरकारी आणि खाजगी आयटीआय कागदावर सारखेच. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तोच, अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा तीच, आणि पास झाल्यावर मिळणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी, तेही तेच. खाजगीचं प्रमाणपत्र 'हलकं' असतं हा समज चुकीचा आहे. इन्स्टिट्यूटचा कोर्स बहुधा राज्याच्या कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळाचा असतो, सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा. तो बोगस नसतो, पण त्याची पोच वेगळी. २०२३ च्या अखेरीस महावितरणने विद्युत सहायकांच्या ५३४७ जागा काढल्या. त्यासाठी दहावीसोबत वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं (वायरमनचं) राष्ट्रीय प्रमाणपत्र, नाहीतर राज्य मंडळाचीच दोन वर्षांची पदविका चालत होती. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र त्यात बसत नव्हतं. पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं असलं तरी दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय लागतो.

खाजगी आयटीआयच्या बाबतीत खरी मेख संलग्नतेत आहे. ती संस्थेला सरसकट मिळत नाही. ट्रेडनुसार आणि तुकडीनुसार मिळते. वीजतंत्रीची एक तुकडी २० जणांची. फिटरची मान्यता असलेल्या संस्थेकडे वीजतंत्रीची असेलच असं नाही, आणि एका तुकडीच्या मान्यतेवर चाळीस मुलं बसवली तर वरच्या वीसजणांचं काय होणार, हे परीक्षेचे फॉर्म भरताना कळतं. म्हणून ऑफिसात गेल्यावर 'मान्यता आहे का' असं विचारू नका. उत्तर 'आहे' हेच येणार. संस्थेचा एमआयएस कोड, म्हणजे केंद्राच्या आयटीआय पोर्टलवरचा ओळख क्रमांक, मागा. खाजगी आयटीआयचा कोड 'पी' अक्षराने सुरू होतो, सरकारीचा 'जी'ने, आणि अक्षरांपुढचा २७ हा महाराष्ट्राचा क्रमांक. त्या कोडवर आपला ट्रेड आणि तुकड्यांची संख्या पोर्टलवर तपासा. 'ऑर्डर निघालीच आहे, आठ दिवसांत येईल' असं कुणी म्हटलं, तर आठ दिवसांनी या. पैसे मात्र तोवर खिशातच असू द्या.

आता शिकवण्याचं. २०२२ मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमात वीजतंत्रीला वर्षाला १२०० तास आहेत, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. इन्स्टिट्यूटमध्ये रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, सहा महिने धरले तरी एकूण बेरीज तीनशेच्या आसपास थांबते, आणि त्यातले निम्मे फळ्यासमोर जातात.

मात्र ८४० तास वेळापत्रकात असणं आणि हाताला मिळणं यात अंतर पडतं, आणि इथे सरकारी आयटीआय आपोआप जिंकत नाही. तिथे यंत्रं असतात, जागा ऐसपैस असते, पण शिल्प निदेशकांची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्यांची, पदं रिकामी राहतात आणि काम तासिका तत्त्वावरच्या माणसांवर चालतं. खाजगीत उलटं घडतं: निदेशक नेमलेला असतो, पण पगार इतका तुटपुंजा की कंपनीत जागा मिळाली की तो निघाला. त्यामुळे निदेशक किती वर्षं इथे आहेत आणि त्यांनी निदेशक प्रशिक्षणाचा सीआयटीएस कोर्स केलाय का, हे दोन्हीकडे विचारावं.

वर्कशॉप कामाच्या दिवशी, अकराच्या सुमाराला बघा. प्रवेशाच्या दिवसांत सगळंच चकाचक असतं. थ्री-फेज सप्लाय आहे का? मोटार रिवाइंडिंगच्या टेबलावर अर्धवट गुंडाळलेली कॉइल दिसते की नुसती धूळ? जुन्या मुलांच्या जर्नलमध्ये जॉबच्या तारखा सलग आहेत की शेवटच्या महिन्यात एका हातानं लिहिलेल्या? जमलं तर वीजबिलावरचा मंजूर भार बघा. थ्री-फेज मोटारी शिकवणाऱ्या ठिकाणी घरगुती मीटर असेल, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

छोट्या संस्थांची एक गोड ऑफर असते: 'काम करत करा, हजेरीचं आम्ही बघून घेऊ.' घरची ओढाताण असलेल्या मुलाला हे पटकन पटतं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. ती कागदावर लावणारी संस्था प्रात्यक्षिकाचे गुणही तशीच लावत असणार. मी तरी अशा ठिकाणी जायला सांगणार नाही, फी कितीही कमी असो.

फीचं थोडक्यात. सरकारीत ती नाममात्र, खाजगीत बरीच जास्त. संस्था आणि ट्रेड महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दिसतात का, आणि प्रवेश केंद्रीय फेरीतला की संस्था स्तरावरचा, यावर शुल्क प्रतिपूर्तीचं, म्हणजे सरकारकडून फी परत मिळण्याचं, गणित बदलतं. 'स्कॉलरशिप येईल, आत्ता भरा' हे तोंडी आश्वासन पावतीवर लिहून मागा.

'१०० टक्के प्लेसमेंट'चा अर्थ मात्र खोदून विचारण्यासारखा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पोर्टलवर नोंदलेला करार, विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा, ही एक गोष्ट. कंत्राटदारामार्फत एमआयडीसीत बारा तास हेल्परचं काम, ही दुसरी. फ्लेक्सवर दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात. गेल्या वर्षीच्या दोन-तीन मुलांना गाठून पगार कुणाच्या खात्यातून येतो एवढंच विचारा.

माझा कल सांगायचा तर: सरकारीत हवा तो ट्रेड मिळत असेल तर तिकडे. पण तिथे वीजतंत्रीऐवजी भलताच ट्रेड पदरात पडत असेल, किंवा एसटीनं जाण्यायेण्यात चार तास मोडत असतील, तर मान्य तुकडी आणि टिकलेला निदेशक असलेलं जवळचं खाजगी आयटीआय अधिक चांगलं. इन्स्टिट्यूट त्याच्यासाठी, जो आधीच वायरिंगची कामं करतोय आणि ज्याला सोलर किंवा सीसीटीव्हीसारखं एखादं जोडकाम शिकायचंय. दहावी झालेल्या पोरानं तिथून सुरुवात करू नये.

आणि केंद्रीय प्रवेशाचा फॉर्म भरताना पसंतीक्रम लावण्याआधीच ही सगळी फिराफीर उरका. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर जातं.