सिव्ह ७ आठ महिने खेळल्यावर: नाव बदला, पण शहरं का पुसता?

सिव्हिलायझेशन ७ हा राज्य उभारण्याचा कॉम्प्युटर गेम फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि नाशिकच्या सिव्हवाल्यांत सरळ दोन तट पडले. कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर विषय निघाला की अर्धा तास हमखास जातो. जुने खेळणारे म्हणतात, १९९१ पासून या मालिकेचा शब्दच असा होता की एक लोकसमूह घ्यायचा आणि त्याला पहिल्या गावापासून अंतराळापर्यंत न्यायचं. मौर्य घेतले तर शेवटच्या टर्नपर्यंत मौर्यच. नव्यांना तिसऱ्या तासानंतर रटाळ होणारा जुना डाव नकोच आहे. आठ महिन्यांत, मधले अपडेट धरून, बरेच डाव शेवटापर्यंत नेल्यावर माझं मत असं झालंय की या भांडणात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. संस्कृती बदलणं ही एक. युग संपताना गेम जी मोडतोड करतो, ती दुसरी. पहिली मला पटते, दुसरी नाही.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डाव आता तीन युगांत चालतो, प्राचीन, शोधयुग आणि आधुनिक. नेता तोच राहतो, पण प्रत्येक युगाच्या सुरुवातीला संस्कृती नवी घ्यावी लागते. अशोक घेऊन मौर्य, मग चोल, मग मुघल अशी साखळी मूळ गेममध्येच जमते.

‘हे इतिहासाला धरून नाही’ असं नाशिककरानं म्हणावं याचं मला नवल वाटतं. पांडवलेणीत क्षहरात वंशातल्या नहपान राजाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत, आणि त्याच डोंगरात गौतमी बलश्रीचा लेख आपल्या मुलानं, सातवाहन राजा गौतमीपुत्रानं, क्षहरातांचा निःपात केल्याचं सांगतो. जवळच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये सुमारे १३ हजार चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या छाप्यावरच गौतमीपुत्राचा छाप मारलेला आहे आणि खालचा चेहरा अजून ओळखू येतो. पुढं मुघल काळात या गावाचं गुलशनाबाद झालं आणि पेशवाईत परत नाशिक. गाव तेच, नदी तीच, राज्य दुसऱ्याचं. सिव्ह ७ ची मूळ कल्पना हीच आहे आणि ती खरी आहे.

पण गौतमीपुत्रानं नाणी वितळवली नव्हती, वरून छाप मारला होता. गेम इथं चुकतो. समजा मौर्यांचे पाच सिटी उभे केलेत, दोन सिटींत धर्मशाळा आणि विहार एकाच टाइलवर, म्हणजे नकाशावरच्या एकाच घरात, बसवून मठाचा क्वार्टर (जोड-इमारतींचा खास भाग) पूर्ण केलाय. युग संपतं, पडदा बदलतो आणि राजधानी सोडून बाकीचे सिटी परत टाउन, म्हणजे खालच्या दर्जाच्या वस्त्या, झालेले दिसतात. जुन्या ग्रंथालयाला शेजारच्या टाइलमुळे मिळणारा फायदा गेलेला असतो. चालू लढाई थांबते. वेढा घालून एका टर्नवर आणलेलं शत्रूचं शहर हातातून जातं. संस्कृती बदलल्याचा राग म्हणून लोक जो काढतात तो बहुतेक वेळा याच पडद्याचा राग असतो.

नुकसान कमी करता येतं, पण तयारी आधीपासून हवी. युग किती सरलं याची टक्केवारी नुसत्या टर्ननं चढत नाही. कुणीही वारशाचा टप्पा (गेमनं त्या युगासाठी ठरवलेलं उद्दिष्ट) गाठला, अगदी एआयनं, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळाडूनं गाठला, तरी ती उडी मारते. त्यामुळे ‘अजून १५ टर्न आहेत’ हा हिशेब फसतो. सत्तरीच्या आसपास संकट, म्हणजे युगाच्या शेवटी गेम आणतो ती आपत्ती, सुरू झालं की नव्या साध्या इमारती थांबवा. त्या काळातलं उत्पादन धान्यकोठारासारख्या वेअरहाउस इमारतींवर, संस्कृतीच्या खास इमारतींवर आणि हमखास पूर्ण होणाऱ्या वंडरवर (जगप्रसिद्ध वास्तूवर) घाला, कारण या गोष्टी एजलेस आहेत, पुढच्या युगातही त्यांचं मोल टिकतं. सैन्याचं गणित कमांडरवर आहे. एका कमांडरकडे सुरुवातीला चार युनिट सोबत नेण्याच्या जागा असतात. मोकळी फिरणारी युनिट वाचतीलच असं धरू नका, एखादा कमांडर जास्तीचा करून ठेवा. त्याला मिळालेली बढती तिन्ही युगं सोबत राहते. आणि सिटी टाउन होऊ द्यायचे नसतील तर प्राचीन युगात वारशाची आर्थिक वाट पूर्ण करा. वस्त्यांना २० संसाधनं मिळवून दिली की पुढच्या युगाच्या सुरुवातीला सिटी तसेच ठेवण्याचा वारसा निवडता येतो. ही एक गोष्ट कळल्यावर माझ्या मते निम्मी तक्रार मिटते.

डाव मांडताना अॅडव्हान्स्ड सेटिंग उघडायला विसरू नका. युगाची लांबी ‘लाँग’ ठेवा, एरवी नवी इमारत उभी राहते तोवर ती जुनी ठरते. संकटं तिथूनच बंद करता येतात. नंतरच्या अपडेटमध्ये कंटिन्युइटी हा प्रकार आला, त्यात युग बदललं तरी सैन्य जागच्या जागी राहतं. जुन्या खेळणाऱ्यांनी डोळे झाकून तोच घ्यावा.

टाउनची पद्धत मात्र मला मालिकेतली गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत चांगली सुधारणा वाटते. टाउन आपलं उत्पादन सोन्यात बदलतं. लोकसंख्या ७ झाली की त्याला शेती, खाण, व्यापार असं एक काम नेमून देता येतं, आणि मग ते स्वतः वाढायचं थांबून जोडलेल्या सिटीला धान्य पाठवतं. नवे लोक इथं घाई करतात. सातावर पोचताच काम नेमतात आणि आजूबाजूच्या चांगल्या टाइल तशाच पडून राहतात. आधी धान्याच्या आणि संसाधनांच्या टाइल व्यापून घ्या, मग नेमा. सिटीला धान्य मिळत नसेल तर रस्ता तुटलाय का ते आधी पाहा, समुद्रापलीकडे असेल तर ‘फिशिंग की’ हा मासेमारीचा धक्का बांधलाय का ते. सेटलमेंट लिमिट, म्हणजे वस्त्यांची मर्यादा, ओलांडली तर प्रत्येक जादा वस्तीमागे सगळीकडे आनंद ५ नं घटतो. एक-दोन वस्त्या जास्त झाल्या तर खपून जातं, चार झाल्या की बंड.

बिल्डर, म्हणजे शेतं-खाणी उभारणारे कामगार, काढल्याबद्दल रडणाऱ्यांशी मी सहमत नाही. सिव्ह ६ मध्ये शंभराव्या टर्ननंतर तीन-तीन चार्जचे बिल्डर हाकणं ही हमाली होती. धर्म मात्र पार बिघडवलाय. मिशनरी पाठवायचे, शहराचा नागरी आणि ग्रामीण भाग वेगवेगळा वळवायचा, पाच टर्ननं एआय तो परत वळवून नेणार. अडवायला सिव्ह ६ सारखी धर्मचर्चेची लढाईही नाही.

आता मराठी खेळणाऱ्याचं दुखणं. चोलांनंतर थेट मुघल. मुघलांचा डाव सोन्यावर चालतो, बाकी उत्पन्नाला कात्री लागते, म्हणजे शोधयुगात आरमार आणि व्यापारावर उभं केलेलं चोलांचं राज्य अचानक खरेदीवर जगायला लागतं. मूळ गेममध्ये मराठे नाहीत. ग्रेट ब्रिटन आणि नेपाळ नंतर आले, तेही वेगळे पैसे घेऊन. संस्कृती बदलणं हाच डावाचा कणा करायचा असेल तर दुवे जास्त हवेत. अठराव्या शतकात अटकेपर्यंत धडकलेलं राज्य आधुनिक युगाच्या यादीत नसणं मला मनापासून खटकतं. शेवटपर्यंत एकच संस्कृती चालवता यावी यावर काम सुरू असल्याचं गेम बनवणाऱ्या फिरॅक्सिसनं २०२५ मध्ये सांगितलं होतं. ते आलं तर जुना तट निवळेल, पण दुव्यांची उणीव त्यानं भरून निघणार नाही.

घ्यायचा असेल तर ८ जीबी रॅमवर भागवू नका, १६ धरा. आधुनिक युगात मोठा नकाशा असला की एआयच्या टर्नला वाट पाहावी लागते. ऑटोसेव्ह दर टर्नला ठेवा, उन्हाळ्यात दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नसतो. एकाच मशीनवर आळीपाळीनं खेळणाऱ्यांनी थांबावं, सुरुवातीला हॉटसीट दिलेलाच नव्हता. वस्तीचं नाव बदलण्याची सोयही तेव्हा नव्हती, ती नंतर आली. नदीकाठच्या पहिल्या गावाला प्राचीन युगातच ‘नाशिक’ नाव देऊन ठेवा. पुढं मुघल घेतले तरी गेम ते नाव आपण होऊन बदलत नाही.