भिंतीची जाडी जाते कुठे? खऱ्या आराखड्यांवरून ‘द सिम्स ४’मध्ये घरे बांधण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

‘द सिम्स ४’ हा घरे बांधून त्यांत माणसे नांदवण्याचा संगणकावरचा खेळ; त्याचा मूळ भाग ऑक्टोबर २०२२ पासून फुकट मिळू लागला असल्यामुळे या छंदात माझे पैसे गेले ते एकाच गोष्टीवर, आणि नेमकी तीच गोष्ट सर्वांत निकृष्ट निघाली. बारा घरांच्या खऱ्या आराखड्यांचा एक संच मी आठ महिन्यांपूर्वी विकत घेतला. प्रत्येक पानावर १:१०० असे प्रमाण दिलेले होते. त्यावर विश्वास ठेवून मी पट्टीने रेषा मोजल्या, खेळातल्या जमिनीवरची एक चौकट, म्हणजे टाइल, एक मीटरची असे धरले आणि पहिले घर उभे केले. तीन आठवड्यांचे काम झाल्यावर लक्षात आले, की ९० सेंटिमीटरचे म्हणून लिहिलेले दार कागदावर नऊ मिलिमीटर भरायला हवे ते सातच भरते. चित्र पानात बसवण्यासाठी लहान केले होते आणि प्रमाणाची ओळ मात्र जुनीच राहू दिली होती. विक्रेत्याला मी चार वेळा लिहिले. आराखडे केवळ कल्पना येण्यासाठी आहेत, असे उत्तर दोनदा आले आणि पैसे परत मिळाले नाहीत. बांधकामाच्या नकाशांवर ‘लिहिलेले माप ग्राह्य धरावे, रेषा मोजू नये’ अशी सूचना का असते, हे मला त्या दिवशी पटले. हा नाद करणाऱ्या प्रत्येकाने आधी एखादे दार किंवा पलंग मोजून पाहावा, आणि ज्या आराखड्यावर मापे आकड्यांत लिहिलेली नाहीत त्यावर एक पैसाही खर्च करू नये.

लिहिलेल्या मापांवरून तेच घर मी पुन्हा बांधायला घेतले, तेव्हा खरी अडचण समोर आली, आणि तिचा संबंध विक्रेत्याशी नव्हता. या खेळातली भिंत दोन टाइल्सच्या मधल्या रेषेवर उभी राहते आणि जागा खात नाही. खऱ्या घरातली भिंत जागा खाते. माझ्या आराखड्यात आडव्या दिशेने बाहेरची भिंत २३ सेंटिमीटर, मग तीन मीटरची खोली, साडेअकरा सेंटिमीटरची आतली भिंत, १.१० मीटरचा बोळ, पुन्हा तेवढीच आतली भिंत, ३.६० मीटरची दुसरी खोली आणि शेवटी बाहेरची भिंत अशी रचना होती. बाहेरून बाहेर एकूण ८.३९ मीटर, त्यांपैकी वावरण्याची जागा ७.७० मीटर, उरलेले ६९ सेंटिमीटर निव्वळ भिंतींचे. बाहेरचे माप धरून आठ टाइल्स घेतल्या, तीन टाइल्स पहिल्या खोलीला आणि एक बोळाला दिली, की चार टाइल्स दुसऱ्या खोलीच्या वाट्याला येतात. आराखड्यात ती खोली ३.६० बाय ३.६०, म्हणजे १२.९६ चौरस मीटरची होती. खेळात ती सोळा टाइल्सची झाली. कागदावर भरलेली, आटोपशीर वाटणारी खोली पडद्यावर ओकीबोकी दिसते आणि सामान मध्येच कुठेतरी ठेवून दिल्यासारखे वाटते, त्यामागचे कारण हे आहे. खेळाच्या मुख्य रचनेत आराखड्याचे चित्र जमिनीवर अंथरण्याची सोय नाही, याची अनेकांना खंत वाटते. मला ती फारशी वाटत नाही, कारण चौकटीच्या कागदावर ते काम होते. भिंतीला जाडी नसणे ही मात्र अशी उणीव आहे, की तिच्यामुळे प्रत्येक खोलीचे माप थोडे थोडे खोटे ठरते.

स्वयंपाकघरात हाच प्रश्न उलटा होतो. खऱ्या ओट्याची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर असते. त्यामुळे समोरासमोर दोन ओटे आणि मध्ये १२० सेंटिमीटरची मोकळी वाट असे स्वयंपाकघर २.४० मीटर रुंदीत नीट बसते. खेळात ओटा एक पूर्ण टाइल घेतो. २.४० मीटरच्या दोन टाइल्स धरल्या, तर दोन्ही ओटे एकमेकांना चिकटतात आणि उभे राहायला जागाच उरत नाही; म्हणून तीन टाइल्स घ्याव्या लागतात, आणि ती तिसरी टाइल शेजारच्या खोलीतून काढावी लागते. थोडक्यात, जिथे गरज नाही तिथे जागा वाढते आणि जिथे गरज आहे तिथे ती कमी पडते. एक टाइल म्हणजे ९० सेंटिमीटर असेही मी धरून पाहिले. त्याने स्वयंपाकघर सावरले, पण खोल्या आणखी मोठ्या झाल्या. जिन्याचेही असेच आहे, कारण भिंतीच्या तीन उंचींपैकी उंच भिंत निवडली की जिनाही लांबतो आणि आराखड्यात त्याला दिलेली जागा पुरत नाही.

पहिले चार महिने माझे मत प्रतिकूलच होते, आणि तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर खरे आराखडे या खेळासाठी नाहीत, असेच मी म्हटले असते. ते मत एका जेवणाच्या प्रसंगाने बदलू लागले. आराखड्याबरहुकूम मांडलेल्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची कोपऱ्यात होती. तिच्या मागे भिंत, डाव्या हाताला कपाट आणि उजव्या हाताला दुसरी खुर्ची. बाकीच्या खुर्च्यांवर माणसे बसलेली होती. माझी सिम, म्हणजे खेळातली व्यक्ती, ताट घेऊन आली, त्या खुर्चीकडे पाहत थांबली, डोक्यावर वाट अडल्याचा फुगा आला, ती मागे फिरली आणि शेवटी ओट्याजवळ उभ्याउभ्याच जेवली. मी आराखडा पुन्हा उघडून पाहिला. मापाने तो बरोबर होता, पण खुर्ची मागे ओढायला लागणारी जागा त्या कोपऱ्यात खऱ्या घरातही नव्हतीच. कागदावर मला कधी न दिसलेली चूक एका सिमने दाखवून दिली होती.

या खेळाच्या मालिकेचा जन्मही अशाच विचारातून झाला आहे. तिचे निर्माते विल राइट यांचे घर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या वणव्यात जळाले, आणि संसार पुन्हा उभा करताना त्यांना पहिल्या ‘द सिम्स’ची कल्पना सुचली. सुरुवातीला तो घरांच्या रचनेचाच खेळ व्हायचा होता आणि त्यातली माणसे होती ती घर कितपत जमले आहे हे पारखण्यासाठी; २००० साली तो बाजारात आला तोवर माणसेच मुख्य झाली होती. हे ध्यानात घेतल्यावर मी आराखड्याची मापे टाइल्समध्ये उतरवणे सोडले. कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जाता येते, दार उघडल्यावर समोर काय दिसते आणि दोन वस्तूंच्या मध्ये माणसाला किती वाट मिळते, एवढ्या तीन गोष्टी मी आराखड्यातून घेऊ लागले. बोळाला एकाऐवजी दोन टाइल्स देऊ लागले, कारण एका टाइलच्या बोळात समोरासमोर आलेले दोन सिम थबकतात.

मग नामांकित घरे घेतली. पॅरिसजवळच्या प्वासी येथील व्हिला साव्हॉय, म्हणजे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी १९३१ मध्ये पूर्ण केलेले घर, मला साधले नाही, कारण त्याच्या मधोमध वर चढत जाणारा उतार हाच त्या घराचा कणा आहे आणि खेळात असा चालण्याचा उतार नाही. त्या जागी जिना घातला, की घर दिसायला तसेच राहते, पण त्यातून चालण्याचा अनुभव हरवतो. वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांच्या अमेरिकेतल्या इलिनॉयमधील फार्न्सवर्थ हाउसने मात्र मला चकित केले. १९५१ मध्ये पूर्ण झालेल्या या घरात आठ पोलादी खांब, चहूबाजूंनी काच आणि मध्ये स्नानगृहे, स्वयंपाकघर व शेकोटी यांचा एकच गाभा आहे. बंदिस्त भाग साधारण १७ मीटर लांब आणि साडेआठ मीटर रुंद आहे. जाड भिंतीच नसल्यामुळे भिंतीत जागा हरवण्याचा प्रश्नच आला नाही, आणि सतरा बाय आठ टाइल्समध्ये ते घर दोन संध्याकाळींत उभे राहिले. खरे घर पुराच्या भीतीने जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उचललेले आहे. खेळातला पाया भरीव दिसत असल्याने ते तरंगणे मात्र साधत नाही. त्या घरात एकांत मिळत नाही, अशी मूळ मालकीणबाई एडिथ फार्न्सवर्थ यांची तक्रार होती. माझ्याकडे शेकोटीजवळ एकाने गाणी लावली आणि गाभ्यापलीकडे झोपलेली सिम उठून बसली, कारण खेळाच्या दृष्टीने ती सगळी एकच खोली होती.

भिंतीच्या जाडीची मागणी मी सोडलेली नाही. अर्ध्या टाइलची भिंत जरी मिळाली, तरी या नादातली निम्मी ओढाताण संपेल. तोवर संचातल्या नवव्या आराखड्यात मी एक उपाय केला आहे. दोन खोल्यांच्या मध्ये एका टाइलच्या अंतराने दोन भिंती उभ्या केल्या, त्यांना आळीपाळीने कोनाडे पाडले, आणि एका कोनाड्यात या बाजूने पुस्तकांचे कपाट तर दुसऱ्यात त्या बाजूने कपड्यांचे कपाट बसवले. भिंत मीटरभर जाड झाली, म्हणजे आराखड्यातल्या कोणत्याही भिंतीपेक्षा कितीतरी जास्त. पण ओकीबोकी वाटणारी मोठी खोली तेवढीच आत आली, आणि दारातून पाहताना उंबऱ्यापाशी पहिल्यांदाच भिंतीची जाडी दिसली.