मान न वाकवता शस्त्रक्रिया: डिफ्लेक्शन लूप्सचा सहा महिन्यांचा अनुभव

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्राची नस सांभाळत गाठ सोडवताना दीड-दोन तास मला माझी मान एकाच स्थितीत ठेवावी लागते. माझे जुने अडीचपट लूप्स, म्हणजे चष्म्यावर बसवलेली भिंगे, प्रतिमा स्वच्छ दाखवत. परंतु खाली पाहण्याचा त्यांचा कोन अपुरा असल्याने उरलेली कसर मानेलाच भरून काढावी लागे. डोक्याचे वजन साधारण ५ किलो असते आणि मान पुढे झुकली की मणक्यांवरचा भार कित्येक पटींनी वाढतो, हे माहीत असूनही उजव्या हाताला मुंग्या येऊ लागेपर्यंत मी दुखणे अंगावर काढले.

नवे तीनपट डिफ्लेक्शन लूप्स मी पुण्यातल्याच एका विक्रेत्याकडून घेतले. यातील प्रिझम प्रकाशाची दिशा वळवतो, त्यामुळे नजर समोर ठेवूनही खालची जखम दिसते. पहिले दोन आठवडे फार अवघड गेले, कारण सिस्टरने पुढे केलेले आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडण्याचा चिमटा) हातात पडेपर्यंत दिसतच नसे. म्हणून घरी टाके घालण्याचा सराव करून, मग लहान शस्त्रक्रियांपासून सुरुवात केली. आता दुसरी केस संपल्यावरही मान मोकळी असते आणि मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत.

खांद्यांचे दुखणे मात्र या लूप्सने जात नाही. माझी उंची कमी असल्याने टेबल पूर्ण खाली घेऊनही हात कोपराच्या वर राहतात, तेव्हा पायाखाली पाट लागतोच. शिवाय ताठ मानही तासभर स्थिर राहिली तर आखडते; म्हणून आमचे भूलतज्ज्ञ दर २० मिनिटांनी आठवण करतात आणि आम्ही सगळे २० सेकंद हात खाली सोडून खांदे फिरवतो.

वजन नाकावर जाणवते आणि किंमतही मोठी आहे. याचे मला निवासी डॉक्टरांसाठी विशेष वाईट वाटते, कारण लूप्स प्रत्येकाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतरानुसार बनतात आणि वरिष्ठांकडून मागून घेतलेली जोडी त्यांना उपयोगी पडत नाही.

विक्रेत्याने माझे माप खुर्चीत बसवून घेतले होते, तर मी शस्त्रक्रिया उभ्याने करते. परिणामी कामाचे अंतर, म्हणजे डोळ्यांपासून जखमेपर्यंतचे अंतर, कमी भरले, मी पुन्हा वाकू लागले आणि जोडी बदलून मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. आपण घेणार असाल तर माप आपल्याच ऑपरेशन थिएटरमध्ये, नेहमीच्या उंचीच्या टेबलाशी उभे राहून द्यावे.