टीज परीक्षा, ए अँड पी टू अर्धवट असताना: आठ महिन्यांचा अनुभव

टीज म्हणजे इथे अमेरिकेत नर्सिंगच्या प्रवेशासाठी द्यावी लागते ती परीक्षा. आधी आकडे सांगून टाकते, कारण असलं काही वाचताना मीही आधी तेच शोधते. जानेवारीत पहिला प्रयत्न, एकूण 66.7 टक्के. एप्रिलमध्ये दुसरा, 82.0. दोन्ही वेळा ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचा दुसरा भाग (शरीररचना आणि शरीरक्रिया, इथे सगळे ‘ए अँड पी टू’ म्हणतात) पूर्ण व्हायचा होता. मायक्रोबायोलॉजीला तर हातही लागला नव्हता.

मी सांगलीची बी.कॉम. शाळा मराठी माध्यमाची, आणि केमिस्ट्रीशी शेवटचा संबंध दहावीच्या पेपरात. आपल्याकडे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी नसेल तर बी.एस्सी. नर्सिंगचा विचारच सोडायचा. इथे न्यू जर्सीत तसं नाही. कम्युनिटी कॉलेजात ठरावीक विषय पूर्ण करा, प्रवेश परीक्षा द्या आणि अर्ज करा. माझ्या कॉलेजात ती परीक्षा म्हणजे एटीआय टीज (एटीआय ही ती परीक्षा तयार करणारी कंपनी). काही ठिकाणी हेसी ए टू घेतात, तिची रचना वेगळी. पुस्तकं घेण्याआधी आपल्या कॉलेजात कोणती लागते ते नीट बघा.

वर्गातल्या सगळ्याजणी म्हणत होत्या, ए अँड पी टू झाल्याशिवाय बसू नकोस. मी बसले आणि आपटले. पण आपटले ते भलत्याच ठिकाणी.

टीजमध्ये 170 प्रश्न, 209 मिनिटं. रीडिंग, मॅथ, सायन्स, इंग्लिश या क्रमाने, मॅथनंतर दहा मिनिटांची सुट्टी. 170 पैकी 20 प्रश्न मोजलेच जात नाहीत, फक्त ते कुठले हे कळत नाही. उरलेल्या 150 पैकी सायन्सचे 44, आणि त्यातले ए अँड पीचे किती? फक्त 18! बाकी 26 बायोलॉजी, केमिस्ट्री आणि सायंटिफिक रीझनिंगचे. हे मी पुस्तकाच्या सुरुवातीलाच वाचलं होतं. वाचलं, पान उलटलं आणि विसरले.

जानेवारीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा सायन्स 54.5 होतं. मनात म्हटलं, झालं, किडनी आणि हार्मोन्सनी घात केला. खाली विषयवार आकडे बघितले तर ए अँड पी 55.6, बायोलॉजी 66.7 आणि केमिस्ट्री 25.0. म्हणजे आठात दोन. मोल, पीएच, समीकरणं संतुलित करणं, कॅटॅलिस्ट, सगळीकडे पाटी कोरी. आणि गंमत अशी की माझ्या कॉलेजात नर्सिंगच्या अर्जासाठी केमिस्ट्री लागतच नाही! म्हणजे सगळे विषय पूर्ण होईपर्यंत थांबले असते तरी हे आठ प्रश्न मला कोणी शिकवणारच नव्हतं.

तिथून अभ्यास उलटा केला. फेब्रुवारीचा पूर्ण महिना केमिस्ट्रीला दिला, खान अकॅडमीचे फुकट व्हिडिओ आणि एक शंभर पानी वही. ए अँड पीसाठी ओपनस्टॅक्सचं पुस्तक, तेही फुकट. त्यात 28 प्रकरणं आहेत आणि आमचा दुसरा भाग साधारण 17व्या प्रकरणापासून, म्हणजे एंडोक्राइनपासून (हार्मोन्स) सुरू होतो. सगळं वाचायच्या भानगडीत पडू नका. टीजला त्या खोलीचं लागत नाही. मी प्रत्येक प्रकरणाच्या आकृत्या आणि शेवटचे प्रश्न घेतले, अडलं तेवढंच आत जाऊन वाचलं. एप्रिलपर्यंत वर्गात रेस्पिरेटरीपर्यंत गाडी आली होती. युरिनरी (मूत्रसंस्था) आणि रिप्रॉडक्टिव्ह (प्रजननसंस्था) घरीच केलं.

घरी म्हणजे स्वयंपाकघरात. ओट्यावरच्या कपाटाच्या दारावर नेफ्रॉन (किडनीतली बारीक गाळणी) काढून चिकटवला होता. सासूबाई तेव्हा कराडहून आल्या होत्या. त्यांना इंग्रजी वाचायला जड जातं म्हणून मी कार्डं देवनागरीत लिहिली: ‘ट्रायकस्पिड’ (हृदयातली झडप), मागे ‘उजवी कर्णिका ते उजवी जवनिका’. कुकर लावला की त्या कार्डं घेऊन बसायच्या, तीन शिट्ट्या होईपर्यंत उलटतपासणी. ‘अगं, काल ह्यालाच चुकली होतीस,’ हे वाक्य मी रोज ऐकलं. त्यांच्यासाठी लिहिलेली ती कार्डं माझ्याच जास्त उपयोगी पडली. शाळेतली पेशी, ऊती, तंतुकणिका डोक्यात कुठेतरी होतीच, इंग्रजी नावं त्यांच्या शेजारी जाऊन बसली. परीक्षेत रक्ताचा प्रवास क्रमाने लावायचा प्रश्न आला (असे ओढून लावायचे आणि चित्रावर क्लिक करायचे प्रश्न 2022च्या सातव्या आवृत्तीपासून आहेत), तेव्हा मी मनात मराठीतच लावला.

मॅथचं फार सांगत नाही. 38 प्रश्न, 57 मिनिटं, स्क्रीनवर साधा कॅल्क्युलेटर. वडिलांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली होती, ती अपूर्णांकांना कामाला आली. त्रास झाला तो पाउंड, औंस, इंचांचा. ते सरळ पाठ केलं.

इंग्लिश मात्र गृहीत धरू नका. 37 प्रश्नांना 37 मिनिटं. जानेवारीत तिथेही 54.5 होते, म्हणजे सायन्सइतकेच, आणि मी त्याकडे दोन आठवडे बघितलंसुद्धा नाही, इतकी खात्री होती की इंग्लिश येतं. येतं ते बोलण्यापुरतं. स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी, अमेरिकन स्पेलिंग यात मार खाल्ला. रीडिंगमध्ये चूक वेगळी: मी स्वतःची अक्कल वापरत होते. उताऱ्यात जे लिहिलंय तेवढ्यावरच उत्तर द्यायचं असतं. लसीकरणावरचा उतारा असेल तर तुम्हाला लसीबद्दल काय माहीत आहे याच्याशी परीक्षेला देणंघेणं नाही. हे अंगवळणी पडायला एटीआयच्या स्वतःच्या सराव परीक्षा उपयोगी पडल्या. त्यांची भाषा खऱ्या पेपराच्या सगळ्यात जवळची वाटली. पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करा.

एका ॲपवर मात्र पैसे वाया गेले. नाव घेत नाही. ‘नवीन आवृत्तीप्रमाणे’ असं वर लिहिलेलं, आत सगळे जुन्या पद्धतीचे चार पर्यायांचे प्रश्न, दोन ठिकाणी उत्तरच चुकीचं. तीन महिन्यांचं घेतलं होतं, चौथ्या महिन्याचे पैसे आपोआप कापले गेले, आणि ते परत मिळवायला जेवढे ईमेल लिहिले तेवढ्या वेळात स्वल्पविरामाचा धडा दोनदा झाला असता.

एप्रिलमध्ये सायन्स 77.3, इंग्लिश 75.8, रीडिंग 82.1, मॅथ 94.1. सायन्समध्ये दहा प्रश्न वाढले, त्यातले पाच केमिस्ट्रीचे. युरिनरीवर एकच प्रश्न आला, तोही कपाटावरच्या नेफ्रॉनमधून सुटला.

तर लवकर बसावं का? माझ्यापुरतं उत्तर: ए अँड पी वन झाल्यावर बसायला हरकत नाही, पण दोन गोष्टी बघून. आमच्या कॉलेजात वर्षाला दोनच प्रयत्न मोजतात, तेव्हा ‘अंदाज घ्यायला’ म्हणून पहिला उडवणं महागात पडतं. अंदाज सराव परीक्षेवरही येतो, मी तेच करायला हवं होतं. दुसरं म्हणजे स्कोअर किती काळ चालतो ते. बऱ्याच कॉलेजात एक किंवा दोन वर्षं. खूप आधी दिला आणि मायक्रो पुढच्या वर्षावर गेलं, तर तो फुकट जायचा.

मायक्रो मी आता उन्हाळ्यात घेतेय, सप्टेंबरमध्ये अर्ज भरायचाय. एटीआयचं पुस्तक मोकळं आहे, इथे न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास कोणाला हवं असेल तर सांगा. उत्तरं पेन्सिलीने लिहिलीत, केमिस्ट्रीची पानं सोडून सगळी खोडून देईन.