टेक्सास आणि कॅलिफोर्निया: फरक तुरुंगाच्या दारात

समजा, अमेरिकेत कागदपत्रांविना राहणारा कोणी स्थलांतरित विनापरवाना गाडी चालवताना पकडला गेला आणि तुरुंगात आला. बोटांचे ठसे दोन्ही राज्यांतून केंद्राकडे जातातच. ‘सँक्चुअरी’ राज्य (स्थलांतरितांना पकडण्यात केंद्राला मोजकीच मदत करणारे, जसे कॅलिफोर्निया) म्हणजे लपवाछपवी, हा गैरसमज तिथेच संपतो. खरा फरक सुटकेच्या वेळी. आयसीईचा, म्हणजे स्थलांतर कायदे राबवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचा ‘डिटेनर’ येतो: याला आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. टेक्सासच्या २०१७ च्या एसबी ४ या कायद्यानुसार शेरीफने (स्थानिक तुरुंग चालवणारा निवडून आलेला पोलीस अधिकारी) तो पाळायचाच. नाहीतर दंड, वर खुर्चीही जाऊ शकते. कॅलिफोर्नियाचा त्याच वर्षीचा एसबी ५४ सांगतो, नुसत्या डिटेनरवर कोणाला डांबू नका. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याच्या सुटकेची वेळ मात्र कळवता येते. टेक्सासची पद्धत सुटसुटीत खरी, पण कागदपत्रे नसलेला कामगार लुटला गेला, तर धरले जाण्याच्या भीतीने तो पोलिसांची पायरी चढेल का? मला कॅलिफोर्निया पटते. अर्थात, आयसीईचे लोक तिथेही दाराबाहेर उभे राहू शकतातच.