परकर वाटणार नाही असा स्कर्ट

आधी मापं सांगते, कारण रिव्ह्यू लिहिणाऱ्या बायका नेमकं तेच लिहीत नाहीत. वय 54, उंची पाच फूट एक, कंबर 36, सीट म्हणजे बसायच्या भागाचा घेर 42 (सगळं इंचांत), आणि दोन बाळंतपणांचं पोट. लेगिंग्ज उन्हाळ्यात नकोशा होतात म्हणून वर्षभरात चार स्कर्ट घेतले, त्यातले दोनच कामाचे निघाले.

पहिला ऑनलाइन. रेयॉनचा, पूर्ण गोल इलॅस्टिक, फोटोत मॉडेलच्या घोट्यापर्यंत आणि माझ्या चपलेखाली. सगळ्या चुण्या पोटावर येऊन बसल्या, नणंद म्हणाली, अगं वहिनी, परकरावरच बाहेर निघालीस का? परत केला. दुसरा प्रदर्शनातला जयपुरी रॅपअराउंड, वजन वाढो की कमी होवो नाडी बांधली की झालं, पण स्कूटरवर बसले आणि वाऱ्याने पुढचा पदर उडाला, आता तो घरातच.

तिसरा पुण्यात लक्ष्मी रोडच्या एका दुकानातून. कॉटनचा ए-लाइन, म्हणजे खाली हळूहळू रुंद होत जाणारा, पुढे सपाट पट्टी आणि इलॅस्टिक फक्त मागे, आत अस्तर, आणि चक्क खिसा! एक्सएल कमरेला बरोबर पण सीटवर ताणत होता, डबल एक्सएल सीटला छान पण कंबर ढगळ. दुकानातली मुलगी सारखी, काकू एक्सएलच घ्या, बसतोय की. मी डबल एक्सएल घेतला. कंबर आत घेता येते हो, सीटवर कापड कमी पडलं तर टेलर तरी कुठून आणणार? तिथेच 80 रुपयांत आल्टर करून मिळाला, एकूण 1230. ट्रायल रूममध्ये खुर्ची नव्हती म्हणून बाहेर येऊन काउंटरजवळच्या स्टुलावर बसून बघितलं, उभं राहून सगळंच छान दिसतं, बसल्यावर पट्टी पोटात रुतते का आणि बसची पायरी चढताना घेर पुरतो का ते कळायला हवं. रंग मात्र गेला, पहिल्याच धुण्यात बादलीभर निळं पाणी, तेवढा एक मार्क कापते.

आणि चौथा, माझा लाडका, खणाचा. शिवून घेतला आमच्या गल्लीतल्या मास्तरांकडून. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मुळात कमी, चोळीचंच कापड ते, त्यामुळे अख्ख्या घेराचे दोन तुकडे त्यातून निघत नाहीत, कळ्याच, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा उभ्या पट्ट्या, कराव्या लागतात. मी म्हटलं, मास्तर, सहा कळ्या म्हणजे परकरच की! ते म्हणाले, ताई, नेफा (नाडी ओवायची पट्टी) आणि नाडी काढली की परकर राहत नाही. खरंच तसं झालं, कमरेला पट्टी, बाजूला चेन, सीटपर्यंत अंगालगत आणि मग खाली हळूहळू घेर, कुठे चुणी म्हणून नाही. अजून एक, जे रेडिमेडमध्ये कधीच मिळत नाही: त्यांनी पुढची उंची मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त ठेवली. पोट असलं की पुढून स्कर्ट वर उचलला जातो आणि खालची कड तिरकी दिसते, इतकी वर्षं मला वाटायचं माझंच उभं राहणं वाकडं आहे.

शिलाई 650, अस्तर वेगळं, खिशाचे 50 जास्त घेतले, दिले. वर साधा काळा कुर्ता, तोही आखूडच घालते, लांब कुर्त्याखाली स्कर्ट म्हणजे आख्खी बाई तंबूत. खण घरी धुवायची हिंमत नाही, ड्रायक्लीनला देते, तो खर्च धरून चाला.

मास्तरांकडे कॉटन नेणार असाल तर आधी भिजवून वाळवून न्या, नाहीतर शिवल्यावर आटतं. आणि दिवाळीआधी महिनाभर ते नवीन काम घेत नाहीत, त्यामुळे शिवायला टाकायचं असेल तर त्याआधीच टाका.